निवृत्त पट्ट्यांचा सत्कार

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एकतीस मार्चला सेवानिवृत्तीचा समारंभ व्हायचा. सत्कारमूर्ती दोन सेंटिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद असत. काळ्या कागदावर त्यांना ओळीनं निजवायचं, प्रत्येकाच्या अंगावर टपालाच्या तिकिटाएवढी शाल घालायची आणि मग सर भाषण करायचे. शाली बेळगावातल्या खासबागच्या एका म्हाताऱ्या विणकरानं दिलेल्या साडीच्या चिंध्यांतून मी कापत असे. "यांनी दहा हजार वेळा कंबर वाकवली," सर म्हणायचे, "आणि एकदाही रजा मागितली नाही." श्रोते दोनच, मी आणि शिपाईमामा. प्रत्येकी एक बिस्किट मिळे. पहिल्या वर्षी मला भाषणात हसू फुटलं. सर थांबले, माझं हसणं पुरतं संपेपर्यंत वाट बघितली आणि भाषण पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. त्यानंतर मी कधी हसले नाही.

समारंभ झाला की शालींसकट ती मंडळी लिमलेटच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या डब्यात जात. डब्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'निवृत्त'.

ही मंडळी म्हणजे पट्ट्या. रबरासारख्या मऊ, नारिंगी रंगाच्या, पापडापेक्षा पातळ. निळा उजेड पडला की वळायच्या, उजेड काढला की सरळ व्हायच्या. तार नाही, बॅटरी नाही, मोटर नाही. सूर्याच्या उजेडात निळा असतोच, म्हणून उन्हातही वळायच्या. लाल उजेडात मात्र गाढ झोपलेल्या. दहा हजार वेळा वळवल्या की थकून जायच्या आणि मग कितीही उजेड पाडा, ढिम्म हलायच्या नाहीत. हे सगळं मी पहिल्यांदा गुंजीला, माझ्या गावी, घरी सांगितलं तेव्हा आप्पा भात पाखडत होते. ते म्हणाले, "उजेड पडला की उठतंय न्हवं? मग तुझ्यापेक्षा बरं हाय."

मी सरांची पहिली पीएचडीची विद्यार्थिनी, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचीही. बेळगावच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या आमच्या कॉलेजात सरांना क्रीडा विभागाची जुनी कोठी मिळाली होती. खिडक्यांवर त्यांनी तीन थर काळा कागद लावला, आत एकच लाल बल्ब ठेवला, आणि दार उघडलं की बाहेरचा उजेड आत येतो म्हणून कॉरिडॉरमधली ट्यूबलाइटही स्वतः स्टुलावर चढून काढून टाकली. एकदा प्राचार्य आत आले आणि हजेरीच्या विषयावर दहा मिनिटं सरांना झाडून गेले. सर त्या वेळी कँटीनमध्ये होते. प्राचार्य बोलले ते खुंटीवर टांगलेल्या ॲप्रनशी. मी कोपऱ्यात उभी होते, पण मला मध्ये बोलायचा धीर झाला नाही. सर आल्यावर त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यानं उलट उत्तर नाही ना दिलं? मग ठीक आहे."

पट्टी बनवायची तर काच मखमलीनं एकाच दिशेनं पुसावी लागते. मग तिच्यावर ओतलेलं रसायन त्याच दिशेनं तोंड करून बसतं, आणि पट्टी नीट वळते. ही मखमल बाहेरून मागवायला पैसे होते, पण सरांचा त्या मखमलीवर विश्वास नव्हता. ते बाजारात ब्लाउजपीसच्या दुकानात जायचे, काळी मखमल मागायचे, डोळे मिटून गालावर घासायचे आणि चार इंच द्या म्हणायचे. दुकानदार विचारायचा, चार इंचात काय शिवणार? सर म्हणायचे, "शिवत नाही. पुसतो." तीन दुकानांनी त्यांना हात जोडून बाहेरचा रस्ता दाखवला. चौथ्या दुकानातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात कोण न्हाईत काय त्यांच्या?"

घरात होत्या. निपाणीत त्यांची आई होती. सरांनी लग्न केलं नव्हतं आणि आई बेळगावला यायला तयार नव्हती, म्हणून दर शनिवारी सर निपाणीला जायचे. सर माणसांशी पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी बोलायचे. आईशी आणि पट्ट्यांशी मात्र निपाणीचं बोलायचे. काचेवर वाकून त्यांना "ऊठ रं बाळा, ऊठ की, का असं करायलाईस?" म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फोनवर बोलत असतील.

आईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, सरही आक्काच म्हणायचे आणि पुढं मीही. मी त्यांना पहिल्यांदा भेटले त्याच दिवशी काकतीचं प्रकरण घडलं.

सरांना चाळीस नव्या पट्ट्या आक्कांना दाखवायच्या होत्या. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात त्या ठेवल्या, डबा काळ्या फडक्यात गुंडाळला, वर सावलीला छत्री. आम्ही निपाणीच्या बसमध्ये बसलो. बसच्या आत छत्री उघडून मांडीवरच्या डब्यावर धरलेला माणूस बघून कंडक्टर थांबला. "सर, डब्यात काय हाय?"

सरांना खोटं बोलता यायचं नाही, निदान तेव्हा तरी माझी तशी समजूत होती. ते म्हणाले, "झोपल्या आहेत. उजेड लागला की वळवळतात."

मागच्या बाईंनी पाय सीटवर घेतले. कंडक्टर आधी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, मग मराठीत, "सापाची पिल्लं घिऊन बसात बसलायसा व्हय ओ? शिकल्याली माणसं तुमी!" आणि शिट्टी वाजवली. बस काकतीला थांबली. सगळे खाली उतरले. आता शहाण्या माणसानं डबा बंद ठेवून चार शब्द समजुतीचे सांगितले असते. पण आरोप झाला की पुरावा द्यायचा, एवढंच सरांना ठाऊक. भर दुपारच्या उन्हात, हायवेच्या कडेला, माणसांच्या मधोमध उभं राहून त्यांनी डबा उघडला.

चाळीसच्या चाळीस पट्ट्या एकदम उठल्या आणि वळल्या. ड्रायव्हर जो पळाला तो रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन थांबला. एका आजोबांनी काठी उगारली. सरांच्या चेहऱ्यावर मात्र मुलगा पहिल्या नंबरानं पास झाल्याचा आनंद होता. "बघितलंस? एकसुद्धा मागं राहिली नाही!"

बस आम्हाला तिथंच सोडून गेली, छत्री घेऊन. पट्ट्या उन्हात थकू नयेत म्हणून सरांनी शर्ट काढून डब्यावर घातला. टोमॅटोच्या टेम्पोत मागं बसून आम्ही निपाणी गाठलं. दारात आक्का उभ्या होत्या. बनियनवर आलेल्या मुलाकडं त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शर्ट कुठाय रं?"

"पट्ट्यांच्या अंगावर हाय."

"असूंदे," आक्का म्हणाल्या. "हात पाय धू."

आक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. त्यावर मुलाला शिकवलं, कॉलेजात मास्तर केला, घरावर स्लॅब घातला. पण आता त्यांची बोटं अर्धवट उघडी राहून ताठली होती. मूठ मिटायची नाही, कप धरता यायचा नाही. चहा बशीत ओतून बशी कट्ट्यावर ठेवायची आणि वाकून प्यायचा, तोही घरात कुणी नसताना. पौर्णिमेला विहारात जाणं त्यांनी बंद केलं होतं, कारण वंदनेनंतर तिथं सगळ्यांना चहा देतात. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा ते लाल बल्बाकडं बघत होते. तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांचा तो काळा कागद, ती मखमल आणि ते दहा हजार वाकणं कशासाठी आहे. आक्कांच्या बोटांवर बसवायला त्यांना पट्ट्या हव्या होत्या. उजेड पाडला की बोटं मिटतील आणि आक्का चारचौघांत कप धरून चहा पितील.

डॉक्टरनं उपाय सांगितला होता. रबरी चेंडू हातात घ्या, रोज शंभर वेळा मूठ मिटा, उघडा, दुखलं तरी करा. आक्कांनी चेंडू गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. "जन्मभर हात हलला, दर खेपंला एक इडी पडली सुपात. आता नुसताच हलवू? काम आसंल तर मिटतो मूठ. रिकामी मूठ मी मिटणार न्हाय."

त्या दिवशी डब्यातली एक पट्टी आक्कांपुढं उजेडात धरली. ती वळली, पण सरळ गुंडाळी व्हायच्या ऐवजी पीळ पडला. आक्का पुढं झुकल्या. "पान तिरकं कुणी कापलंय?"

"मीच कापलो, आक्का," मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. एका काचेतून जास्त पट्ट्या निघाव्यात म्हणून मी त्या तिरक्या कापल्या होत्या आणि सहा महिने आम्ही तो पीळ का पडतो यावर डोकं फोडत होतो. रसायनाला दोष दिला, मखमलीला दिला, कॉलेजच्या पाण्याला दिला.

"शीर बघून कापावं गं पोरी. शिरंला धरून कापलं की पान सांगशील तसं वळतंय. आनि तोंड मुडपाय पायजे, न्हायतर सुटतंय."

सोमवारी सरांनी माझ्या अभ्यासक्रमाच्या फॉर्ममध्ये नवा विषय घातला, 'पर्णकर्तन, निपाणी, दोन आठवडे'. प्राचार्यांनी न वाचता सही केली. मी पंधरा दिवस आक्कांसमोर बसून विडीची पानं कापली. आक्का माझा हात धरून दाखवू शकत नव्हत्या, फक्त जिभेनं शिकवत होत्या, आणि त्यांची जीभ काही ताठली नव्हती. सोळाव्या दिवशी माझ्या पट्ट्या सरळ वळायला लागल्या.

मग हातमोजा तयार झाला. पांढरा सुती हातमोजा बेळगावात कुठं मिळेना म्हणून सरांनी लग्नाच्या बँडवाल्यांकडून आणला. त्याला मनगटाशी सोनेरी किनार होती. प्रत्येक बोटावर अस्तराखाली एकेक पट्टी शिवली. आक्कांनी हात घालून बघितला. "मी आता क्लॅरिनेट वाजवू काय रं?"

दर शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाकळ टांगायची, लाल बल्ब लावायचा. आक्का पाटावर बसायच्या. सर निळा दिवा पेटवायचे, मिनिटभर धरायचे, विझवायचे. पेटवायचे, विझवायचे. मी वहीत नोंद करायची. करंगळी शून्य, अनामिका शून्य, मधलं शून्य. आठ महिने मी शून्यं लिहिली. शेवटी शेवटी सर इतके खिन्न दिसायला लागले की बघवत नव्हतं. दिवा विझवून खाली मान घालून बसायचे, उसासे टाकायचे. एकदा तर त्यांनी कपाळाला हात लावला. मला ते जरा जास्तच वाटलं होतं, पण संशोधनात माणूस खचतो म्हणतात, म्हणून मी पुढचं शून्य लिहिलं.

आणि एका शनिवारी निळा दिवा पेटला आणि आक्कांची करंगळी वाकली. थोडीच, पण वाकली. सरांनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः नोंद केली. पुढच्या शनिवारी अनामिका वाकली. महिन्याभरात चार बोटं. मी तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मनात लिहून, नावापुढं डॉक्टर लावून, गुंजीला पेढे वाटून मोकळी झाले.

प्रकरण लिहायला बसले तेव्हा आकडे मांडले. आमची एक पट्टी, चांगल्या उजेडात, तुरीच्या डाळीचा एक दाणा उचलते. दोन ठेवले तर झोपते. ताठलेलं बोट वाकवायचं तर एका बोटाला डाळीचं अख्खं गाडगं लागेल. मी तीन वेळा आकडेमोड केली. तिन्ही वेळा उत्तर तेच, हे घडणं शक्य नाही.

मधल्या वारी, सरांना न सांगता, मी एकटी निपाणीला गेले. आक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "आक्का, बोटं पट्टी वाकवतीय का तुमी?"

आक्कांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हळू बोल. पोरगं तोंड पाडून बसायलं गं दर शनवारी. आठ म्हैनं. माझ्या जिवाला बघवंना. म्हनलं करंगळी तेवढी वाकवून बघू. लई दुखलं, डोळ्यातनं पानी आलं, पर लाल दिव्यात कुनाला दिसतंय? मग त्येनं कसं लिवलं बघितलीस न्हवं? वही तुझ्या हातातनं घिऊन सोता लिवलं. मग दुसऱ्या शनवारला दुसरं बोट द्याय पायजे का नको?"

"आणि इतर दिवशी?"

"शनवारी चुकू ने म्हनून रोज वाकवून ठेवतो. सकाळी शंभर, रातीला शंभर. त्येला सांगू नगंस. त्येचं काम हाय ते."

मला रागही आला आणि रडूही. माझं प्रकरण गेलं, पेढे गेले. मी काही बोलणार तेवढ्यात आक्कांनी शेजारचा कप उचलला आणि चहाचा घोट घेतला. तीन बोटांत कप धरून. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी रडूनच दिलं. आक्का म्हणाल्या, "रडतीस कशाला? साकर कमी हाय काय?" आणि आपलाच कप माझ्यापुढं केला.

परतल्यावर मी ठरवलं, निदान हातमोज्यात नव्या, जोमदार पट्ट्या तरी शिवाव्यात, म्हणजे खोट्यात थोडं खरं मिसळेल. लाल उजेडात अस्तर उसवलं. आतल्या पट्टीला साडीचा एक निळा धागा चिकटलेला होता. दुसरीला हिरवा. माझ्या कात्रीनं कापलेल्या शालीचे धागे मी ओळखणार नाही? पाचही पट्ट्या मी बाहेर नेऊन उन्हात धरल्या. एकही हलली नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः सत्कार केलेली माणसं ही.

सर मागं येऊन उभे होते.

"सर, या निवृत्त आहेत."

"हो," सर म्हणाले. "मानधनावर घेतल्यात."

"कधीपासून?"

"आठवा महिना सुरू झाला तेव्हापासून. डाळीचा हिशोब मी तुझ्या आधी केला होता. चांगल्या पट्ट्या तिथं फुकट थकवण्यात अर्थ नव्हता." मग ते निपाणीच्या बोलीवर आले. "डागतर म्हनला मूठ मिट. ही म्हनली काम आसंल तर मिटतो. मग काम दिलो. पर तोंड पाडून बसाय लई तरास झाला बघ. आरशात बघून शिकलो. सांगू नगंस तिला."

अशा तऱ्हेनं दोघांची दोन वचनं माझ्याकडं जमा झाली. दर शनिवारी मी त्या दोघांच्या मध्ये वही घेऊन बसायची आणि जगात कुठंच नोंदवता येणार नाहीत असे आकडे नोंदवायची. माझ्या प्रबंधात ते प्रकरण नाही. त्यात फक्त शीर बघून कापण्याबद्दल लिहिलंय, आणि परीक्षकांनी तेवढ्याचंच कौतुक केलं. मी आता दुसऱ्या कॉलेजात शिकवते, पट्ट्याच करते. पर्णकर्तनाचं प्रमाणपत्र माझ्या फायलीत आहे, कुणी अजून विचारलं नाही.

त्या वर्षीचा एकतीस मार्चचा समारंभ सरांनी निपाणीला ठेवला, खिडकीवर वाकळ टांगून, लाल बल्बात. पाच पट्ट्यांचा दुसऱ्यांदा सत्कार होता, मानधनाची मुदत संपल्याबद्दल. आक्कांना सरांनी एवढंच सांगितलं होतं की हातमोज्यातल्या या पट्ट्या अजून धडधाकट आहेत, फक्त वयोमानानं निवृत्त होतायत. प्रमुख पाहुण्या आक्का. विहारातल्या चारपाच बाया आल्या होत्या, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण चहा होता. सरांनी भाषण केलं. मग आक्कांनी टपालाच्या तिकिटाएवढी शाल अंगठा आणि तर्जनीत चिमटीनं उचलली आणि पहिल्या पट्टीवर घातली. मग दुसरी. मग तिसरी. चाळीस वर्षं सुतानं विडी बांधलेली ती चिमूट होती, जरा कापत होती, पण एकही शाल खाली पडली नाही.

पाचवी शाल घालताना कुणीतरी आत आलं, दार उघडं राहिलं आणि दुपारचं ऊन थेट काळ्या कागदावर पडलं. काकतीला उन्हात काय झालं होतं ते सरांनी आक्कांना शंभरदा रंगवून सांगितलं होतं. पट्ट्या उन्हात पडून राहिल्या. एकही उठली नाही.

आक्का बघत राहिल्या. पट्ट्यांकडं, मग सरांकडं. सर छपराकडं बघत होते. आक्कांनी एक पट्टी उचलली, तळहातावर घेतली, आणि हळूहळू, बोटं ठणकत असताना ओठ घट्ट मिटून, ती आपल्या बोटांनी गुंडाळली. शेवटी नखानं तिचं तोंड मुडपलं आणि मुलापुढं धरली.

"वळतीय की रं अजून," त्या म्हणाल्या. "लिव वहीत."

सरांनी वही उघडली आणि लिहिलं.